जुन्या आयपॉडची साठवण क्षमता कशी वाढवावी : हार्ड डिस्क काढून एसडी कार्ड बसवण्याची सविस्तर पद्धत

ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड जाहीर केला, तेव्हा त्यात तोशिबा कंपनीची १.८ इंची, ५ जीबीची हार्ड डिस्क होती आणि हजार गाणी खिशात मावतील असे सांगितले जात होते. हा हिशेब फुगवलेला नव्हता. १६० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) दराने साठवलेले चार मिनिटांचे गाणे साधारण ४.८ एमबी जागा घेते, म्हणजे हजार गाण्यांना ४.८ जीबी लागतात. पुढे २००५ मध्ये ३० आणि ६० जीबी, २००६ मध्ये ८० जीबी आणि २००७ मध्ये १६० जीबी अशी ही क्षमता वाढत गेली. सहा वर्षांत बत्तीस पट वाढ झाली आणि तिथेच गाडी थांबली, कारण सप्टेंबर २०१४ मध्ये आयपॉड क्लासिक बंद झाला तेव्हाही त्याची कमाल क्षमता १६० जीबीच होती. दरम्यान मेमरी कार्डे मात्र पुढे निघून गेली. २ टीबीपर्यंतच्या कार्डांचा एसडीएक्ससी हा मानक नमुना २००९ मध्ये आला, २०१४ मध्ये ५१२ जीबीचे एसडी कार्ड निघाले आणि २०१९ मध्ये १ टीबीचे मायक्रोएसडी कार्डही आले. नखाएवढ्या कार्डाने त्या हार्ड डिस्कला कधीच मागे टाकले आहे, त्यामुळे डिस्कच्या जागी कार्ड बसवणे हा जुन्या प्लेअरची क्षमता वाढवण्याचा सर्वांत व्यवहार्य मार्ग ठरतो.

हातात फोन असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. परंतु ज्यांच्याकडे स्वतःच्या सीडींवरून उतरवलेला किंवा घरच्या कॅसेटींवरून डिजिटल केलेला संग्रह आहे, त्यांना तो सगळा एका ठिकाणी, इंटरनेटशिवाय आणि मध्येच कोणाचा फोन न येता ऐकता येणे ही सोय मोलाची वाटते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. प्लेअरची क्षमता केवळ कार्डावर छापलेल्या आकड्यावर ठरत नाही. फर्मवेअरला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या प्रणालीला, डिस्कवरचा किती भाग ‘दिसतो’, गाण्यांची यादी ठेवायला यंत्रात किती रॅम (तात्पुरती मेमरी) आहे आणि फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, कोणती आहे या तीन गोष्टी कार्डाइतक्याच निर्णायक असतात, आणि त्यांपैकी जी सर्वांत तोकडी असेल तीच प्रत्यक्षात मर्यादा बनते. त्यामुळे १ टीबीचे कार्ड आधी विकत घेऊन मग प्लेअरकडे वळणे म्हणजे पैसे वाया घालवण्याची खात्रीशीर वाट आहे.

आधी प्लेअर ओळखावा

आयपॉड नॅनो, शफल आणि टच यांतील मेमरी सर्किट बोर्डावरच डाखलेली असते, त्यामुळे ती घरगुती हत्यारांनी वाढवता येत नाही. या यंत्रांचा नाद सोडावा.

सॅनडिस्कच्या २००९ मधील सान्सा क्लिप प्लससारख्या प्लेअरला मायक्रोएसडीची खाच असते, आणि तिथे काम फारच सोपे आहे. कंपनीने ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांचीच हमी दिली होती. त्यामागचे एक मोठे कारण फाइल सिस्टिमचे आहे, कारण ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डे एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि हा प्लेअर फॅट३२ वाचतो. मोठे कार्ड फॅट३२ मध्ये पुन्हा फॉरमॅट केले की ते सहसा चालते. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी वर्षानुवर्षे ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच देत नसे, म्हणून त्यासाठी रूफससारखे मोफत साधन वापरावे.

आयपॉड मिनीमध्ये एक इंची मायक्रोड्राइव्ह असते आणि तिची जोडणी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डासारखीच असते, म्हणून त्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड थेट बसते. मात्र मिनीची वरची आणि खालची पांढरी झाकणे चिकटवलेली असतात आणि ती उबवून सोडवावी लागतात.

या लेखाचा मुख्य विषय आहे तो १.८ इंची हार्ड डिस्क असलेला मोठा आयपॉड. त्यात पाचव्या पिढीचा, म्हणजे २००५ आणि २००६ चा व्हिडिओ आयपॉड येतो, आणि २००७ पासूनचा क्लासिक येतो. मागच्या स्टीलच्या पाठीवर बारीक अक्षरांत मॉडेल क्रमांक आणि क्षमता कोरलेली असते. ए११३६ असेल तर पाचवी पिढी, ए१२३८ असेल तर क्लासिक. पाचव्या पिढीतही २००६ ची सुधारित आवृत्ती वेगळी ओळखता येते: तिच्या संगीताच्या मेनूमध्ये शोध घेण्याची सोय आहे, आधीच्या आवृत्तीत ती नाही. ८० जीबीचा व्हिडिओ आयपॉड असेल तर तो सुधारित आवृत्तीचाच असतो.

क्लासिकच्या बाबतीत वर्ष पाहणे अत्यावश्यक आहे. २००७ चे ८० जीबीचे आणि २००८ चे १२० जीबीचे मॉडेल ॲपलच्या मूळ फर्मवेअरवर डिस्कचा पत्ता २८ बिटांत मोजतात. ५१२ बाइटांचा एक सेक्टर धरला तर २८ बिटांत मावणाऱ्या पत्त्यांची बेरीज सुमारे १३७ जीबी होते, त्यामुळे या यंत्रांत १२८ जीबीहून मोठे कार्ड बसवले तरी वरचा भाग वापरात येत नाही. २००९ च्या १६० जीबीच्या बारीक मॉडेलला ही अडचण नाही, आणि पाचव्या पिढीलाही नाही. २००७ चे १६० जीबीचे जाड मॉडेल या कामासाठी मुद्दाम विकत घेऊ नये, कारण त्याच्या मूळ डिस्कची जोडणी इतरांपेक्षा निराळी आहे.

जागेचा आणि गाण्यांच्या संख्येचा हिशेब

२५६ केबीपीएसच्या फाइलला मिनिटाला सुमारे १.९ एमबी लागतात, ३२० केबीपीएसला २.४ एमबी, आणि सीडीच्या दर्जाच्या असंकुचित ध्वनीला १०.६ एमबी. फ्लॅक किंवा ॲपल लॉसलेस या दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या पद्धतींत हा आकडा साधारणपणे निम्म्यावर येतो, म्हणून मिनिटाला साडेपाच एमबी धरून चालावे. समजा, एखाद्याकडे शास्त्रीय संगीत आणि नाट्यसंगीताच्या तासाभराच्या तीनशे सीडी आहेत. अठरा हजार मिनिटांना लॉसलेसमध्ये सुमारे ९९ जीबी लागतील, आणि एका सीडीवर सरासरी दहा तुकडे धरले तरी एकूण तुकडे तीन हजारच होतील. याउलट, ज्याच्याकडे साडेचार मिनिटांची वीस हजार चित्रपटगीते आहेत त्याला २५६ केबीपीएसमध्ये सुमारे १७३ जीबी लागतील.

या दोघांच्या गरजेतला फरक केवळ जीबीचा नाही. मूळ फर्मवेअर गाण्यांची संपूर्ण सूची रॅममध्ये चढवते. पाचव्या पिढीच्या ३० जीबीच्या मॉडेलमध्ये ३२ एमबी रॅम असते, तर ६० व ८० जीबीच्या मॉडेलांत आणि क्लासिकमध्ये ६४ एमबी. वापरणाऱ्यांच्या अनुभवानुसार ३२ एमबीवर साधारण वीस हजार आणि ६४ एमबीवर साधारण पन्नास हजार गाण्यांच्या आसपास यंत्र अडखळू लागते, आणि गाण्यांच्या नावांची, अल्बमच्या तपशिलांची लांबी जितकी जास्त तितकी ही हद्द अलीकडे सरकते. म्हणजे वीस हजार गीते बाळगणाऱ्याने ३० जीबीचे मॉडेल घेऊच नये, मग त्यात कार्ड कितीही मोठे असो. तासाभराचे ख्याल ऐकणाऱ्याला मात्र त्याच मॉडेलवर ही मर्यादा आयुष्यात जाणवणार नाही.

कार्डावर १२८ जीबी लिहिलेले असले तरी संगणकावर ते ११९ जीबीच्या आसपास दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. ५१२ जीबीचे कार्ड ४७६ च्या आसपास दिसते. यात फसवणूक नाही. माझ्या मते बहुतेकांना २५६ जीबीचे एकच कार्ड पुरेसे होते. १ टीबीचा सोस हा बहुधा कुणाला तरी दाखवण्यापुरताच असतो.

अडॅप्टर आणि कार्ड

हार्ड डिस्कची रिबन (जोडणीची चपटी पट्टी) आणि एसडी कार्ड यांच्यात दुभाषाचे काम करणारा छोटा बोर्ड लागतो. आयफ्लॅश या नावाने मिळणारे बोर्ड या कामासाठी सर्वाधिक परिचित आहेत: सोलोमध्ये एक एसडी कार्ड बसते, ड्युअलमध्ये दोन एसडी कार्डे आणि क्वाडमध्ये चार मायक्रोएसडी. एकाहून अधिक कार्डे घातली की ती सलग जोडली जाऊन एकच डिस्क म्हणून दिसतात. हे सोयीचे असले तरी त्यांतले एक कार्ड निकामी झाले तर सगळी डिस्कच जाते, शिवाय प्रत्येक जादा कार्ड थोडी वीज खाते. म्हणून चार छोट्या कार्डांपेक्षा एक मोठे कार्ड घ्यावे.

कार्डाच्या वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत. संगीत वाजवायला सेकंदाला दोनशे केबीही लागत नाहीत, आणि गाणी भरताना आयपॉडची यूएसबी २.० जोडणीच वेगाला वेसण घालते.

बाजारात बनावट कार्डे मुबलक आहेत. ३२ जीबीच्या कार्डावर ५१२ चा शिक्का आणि आतल्या नियंत्रकात खोटी क्षमता भरलेली, असा प्रकार सर्रास आढळतो. असे कार्ड सुरुवातीची गाणी नीट घेते आणि खरी जागा संपल्यावर निमूटपणे आधीच्या फाइली बिघडवत जाते, त्यामुळे गोंधळ कुठून सुरू झाला हे कळायलाच वेळ लागतो. म्हणून कार्ड आयपॉडमध्ये बसवण्याआधी कार्ड रीडरमध्ये घालून विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅक व लिनक्सवर एफ३ या मोफत प्रोग्रॅमने ते संपूर्ण भरून आणि परत वाचून तपासावे. मोठ्या कार्डाला यासाठी काही तास लागतात. रात्री लावून ठेवावे. ही पायरी गाळणाऱ्याला पुढे सगळा आयपॉड पुन्हा उघडावा लागतो.

जुनी गाणी वाचवणे

मूळ हार्ड डिस्क अजून चालू असेल तर तिच्यावरची गाणी आधी काढून घ्यावीत. आयपॉड संगणकाला जोडून डिस्क म्हणून उघडावा आणि लपवलेल्या फाइली दिसतील अशी सेटिंग करावी. ‘आयपॉड_कंट्रोल’ नावाच्या फोल्डरमध्ये संगीताचा फोल्डर असतो आणि त्यात एफ००, एफ०१ असे उपफोल्डर असतात. फाइलींची नावे चार अक्षरी आणि अर्थहीन दिसतील. त्याने गडबडून जाऊ नये, कारण गाण्याचे नाव, गायक आणि अल्बम हा तपशील फाइलीच्या आतच नोंदलेला असतो. संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून आयट्यून्स या ॲपलच्या प्रोग्रॅममध्ये घेतला की ती नावे पुन्हा दिसू लागतात.

आयपॉड उघडणे

या कामासाठी प्लॅस्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारची पिक, एक चिमटा, उष्णतारोधक पिवळी चिकटपट्टी आणि थोडा पातळ फोम एवढे साहित्य लागते. बॅटरी चार्ज असली तरी चालते, पण आयपॉड पूर्ण बंद करून होल्डचे बटण लावून ठेवावे. पाठ फुगलेली दिसत असेल, पडद्यावर ढगासारखा डाग उमटला असेल किंवा बोटाने दाबल्यावर पाठ उसळत असेल तर आतली लिथियम बॅटरी फुगलेली आहे असे समजावे आणि तिथे कोणतेही टोकदार हत्यार घालू नये; असे यंत्र जाणकाराकडे द्यावे.

पाचव्या पिढीत पांढरा प्लॅस्टिकचा दर्शनी भाग आणि स्टीलची पाठ यांच्यामध्ये एक बारीक फट असते. लांब बाजूने त्या फटीत पट्टी शिरवावी, किंचित तिरपी करून आतली धातूची क्लिप आत ढकलावी आणि ‘टक्’ असा आवाज आला की तिथेच दुसरी पिक अडकवून पुढे सरकावे, म्हणजे सुटलेली क्लिप परत बसत नाही. एका ठिकाणी जोर लावण्यापेक्षा संपूर्ण बाजूवरून दोनदा फिरणे बरे. क्लासिकचा दर्शनी भाग ॲल्युमिनियमचा असल्याने प्लॅस्टिकची पट्टी तिथे वाकते, पातळ धातूची पट्टी वापरावी लागते आणि पाठीच्या कडेला थोडे पोचे येण्याची शक्यता राहतेच. ज्याने हे काम पूर्वी कधी केलेले नाही त्याने क्लासिकऐवजी पाचव्या पिढीपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्व क्लिप सुटल्या की दोन्ही भाग एकदम दूर ओढू नयेत. पाठ आणि दर्शनी भाग यांना जोडणाऱ्या दोन रिबन असतात, एक बॅटरीची आणि दुसरी हेडफोनच्या जॅकची. बॅटरीची नारिंगी रिबन एका छोट्या तपकिरी कनेक्टरमध्ये धरलेली असते. हा कनेक्टर सबंध उपटायचा नसतो: त्याचा खटका दोन्ही टोकांना आळीपाळीने हलकेच वर उचलावा, जेमतेम दोन मिलिमीटर, आणि मग रिबन सरळ रेषेत बाहेर सरकवावी. खटका उचलण्याआधी रिबन ओढली तर कनेक्टर बोर्डावरून निखळू शकतो, आणि तो परत डाखणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे. हेडफोनची रिबन जोडलेलीच ठेवून पाठ पुस्तकाच्या पानासारखी बाजूला उघडून ठेवता येते. केवळ डिस्क बदलायची असेल तर तेवढे पुरते.

डिस्कच्या जागी कार्ड

आता निळ्या रबरी गाद्यांत बसवलेली हार्ड डिस्क समोर दिसेल. ती उचलण्यापूर्वी मोबाइलने तिचा जवळून फोटो काढावा, ज्यात रिबनची चकाकणारी संपर्करेषांची बाजू कोणत्या दिशेला आहे हे स्पष्ट दिसेल. मग डिस्क कडेने उचलून तिच्या टोकाशी असलेला काळा खटका नखाने उभा करावा. हा खटका बॅटरीच्या कनेक्टरसारखा वर सरकत नाही, तो दाराच्या झडपेप्रमाणे फिरतो. रिबन सोडवून डिस्क आणि रबरी गाद्या बाजूला ठेवाव्यात.

कार्ड अडॅप्टरमध्ये शेवटपर्यंत बसवावे. अडॅप्टरचा खटका उघडून रिबन आत सरकवावी आणि ती काटकोनात, दोन्ही बाजूंना सारखी आत गेली आहे याची खात्री करूनच खटका बंद करावा. रिबन एका बाजूने अर्धा मिलिमीटर जरी तिरकी राहिली तरी आयपॉड डिस्क ओळखत नाही, आणि कार्ड चालत नसल्याच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ इथेच सापडते. अडॅप्टरच्या खालच्या बाजूला पिवळी चिकटपट्टी लावावी, म्हणजे त्याचा स्पर्श इतर धातूच्या भागांना होणार नाही. डिस्क गेल्यामुळे बरीच जागा मोकळी होते, आणि हलवल्यावर अडॅप्टर आत खडखडू नये यासाठी तिथे फोमचा तुकडा ठेवावा. फोम जाड झाला तर तो पडद्याला मागून दाबतो, म्हणून पाठ हलक्या हाताने बंद झाली पाहिजे.

जुनी बॅटरी बदलायची असेल तर हीच वेळ योग्य आहे. पाचव्या पिढीच्या ६० आणि ८० जीबीच्या मॉडेलांची पाठ जाड असते, आणि त्या मोकळ्या पोकळीत दोन ते तीन हजार एमएएच क्षमतेच्या मोठ्या बॅटऱ्याही बसतात. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

रीस्टोअर आणि गाणी भरणे

पाठ दाबून पक्की बंद करण्याची घाई करू नये. आधी बॅटरीची रिबन जोडून, पाठ नुसती टेकवून आयपॉड संगणकाला लावावा. पडद्यावर दुःखी चेहरा किंवा रीस्टोअर करण्याची, म्हणजे मूळ फर्मवेअर नव्याने भरण्याची, सूचना दिसली तर ती अपेक्षितच आहे, कारण नव्या कार्डावर अजून काहीच नाही. संगणकाने आयपॉड ओळखला नाही तर होल्डचे बटण सोडवून मेनू आणि मधले बटण एकत्र दाबून धरावे, ॲपलचे चिन्ह दिसताच ती सोडून मधले आणि प्लेचे बटण दाबून धरावे. आयपॉड डिस्क मोडमध्ये जातो, म्हणजे संगणकाला नुसत्या डिस्कसारखा दिसतो. मग विंडोजवर आयट्यून्समधून, आणि २०१९ नंतरच्या मॅकवर फाइंडरमधून, रीस्टोअर करावे. विंडोजवर रीस्टोअर केलेला आयपॉड फॅट३२ होतो आणि मॅकवर केलेला मॅकच्या पद्धतीचा. पुढे ॲपलच्या फर्मवेअरऐवजी रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर वापरण्याचा विचार असेल तर विंडोजवरच रीस्टोअर करावा, कारण रॉकबॉक्सला फॅट३२ लागते. रीस्टोअर मध्येच तुटले तर केबल बदलून, यूएसबी हबऐवजी संगणकाच्या मागच्या बाजूच्या खाचेत लावून पाहावे, आणि तरीही जमले नाही तर रिबन पुन्हा बसवावी.

रीस्टोअर झाल्यावर सेटिंगमधील माहितीच्या पानावर एकूण क्षमता पाहावी आणि मगच पाठ बंद करावी.

गाणी एकदम न भरता वीस-तीस जीबीच्या हप्त्यांनी भरावीत. सेकंदाला दहा एमबी वेग धरला तर शंभर जीबीला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि एवढ्या वेळात संगणक झोपी गेला किंवा केबल हलली तर सूची अर्धवट राहते. प्रत्येक हप्त्यानंतर आयपॉड नीट इजेक्ट करून दोनचार गाणी वाजवून पाहावीत. गाण्यांची शीर्षके देवनागरीत ठेवली असतील तर पहिल्या हप्त्यातच ती छोट्या पडद्यावर कशी दिसतात ते तपासावे. वेलांट्या-मात्रा जागेवर नसतील तर हजारो गाणी भरून झाल्यावर नावे बदलण्यापेक्षा आधीच रोमन लिपीचा निर्णय घेणे बरे.

मूळ फर्मवेअर फ्लॅक वाजवत नाही. त्या फाइली ॲपल लॉसलेसमध्ये रूपांतरित कराव्यात. दोन्ही पद्धतींत ध्वनीचा एकही अंश गळत नसल्याने आवाजात फरक पडत नाही. जागा कमी पडत असेल तर आयट्यून्समध्ये सिंक करतानाच गाणी २५६ केबीपीएसच्या एएसी या कमी जागा घेणाऱ्या पद्धतीत उतरवण्याचा पर्याय आहे, आणि त्यात संगणकावरचा मूळ संग्रह जसाच्या तसा राहतो. रूपांतर नकोच असेल तर रॉकबॉक्स बसवावे. ते फ्लॅक थेट वाजवते आणि फोल्डरनुसार गाणी दाखवते, त्यामुळे सूचीच्या रॅमची मर्यादाही टाळता येते. त्याचा मेनू मात्र ॲपलइतका सुबक नाही, आणि सेटिंगांच्या जंगलात पहिले दोन दिवस तरी हरवायला होते.

लॉसलेस ऐकणाऱ्यांना या बदलाचा आणखी एक लाभ होतो. हार्ड डिस्कच्या काळात आयपॉड गाण्याचा पुढचा भाग रॅममध्ये ओढून घेऊन डिस्क थांबवत असे आणि त्यामुळे बॅटरी वाचत असे. परंतु तासाभराचा लॉसलेस ख्याल तीनशे एमबीच्या वर जातो, तो रॅममध्ये मावत नाही, आणि डिस्कला दर थोड्या मिनिटांनी पुन्हा फिरावे लागे. विलंबित लयीतल्या शांत जागी तिची बारीक घरघर कानाशी धरल्यावर ऐकू येत असे. कार्डात फिरणारा भागच नसल्यामुळे लांबलचक फाइली वाजवतानाही बॅटरी पूर्वीपेक्षा बरीच अधिक टिकते आणि प्लेअर हातातून पडला तरी साठवलेल्या गाण्यांना सहसा धक्का लागत नाही. तरीही संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर कायम ठेवावी, कारण कार्डे बिघडतात तेव्हा हार्ड डिस्कसारखी आधी कुरकुर करत नाहीत.